वारली चित्रातील पांढरा रंग : तांदळाच्या पिठापासून ॲक्रिलिकपर्यंत

वारली चित्रकलेचा विचार करताना चौक, पालघट देवी, तारपा नृत्य यांची चर्चा विस्ताराने होते. परंतु चित्र ज्या द्रव्याने काढले जाते त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः या कलेचा गेल्या अर्धशतकातील इतिहास तिच्या पांढऱ्या रंगातूनही वाचता येतो.

परंपरेने लग्नाचा चौक सुवासिनी स्त्रिया लिहीत. शेणाने वा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ व पाणी, चिकटपणासाठी डिंक आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी एवढेच साहित्य पुरे होई. ओला असताना हा रंग पुसट दिसतो. वाळल्यावरच रेघ उठून दिसते. म्हणजे लिहिणारीला अर्धे काम अंदाजाने करावे लागे. हा रंग पाण्याने निघतो, त्याला बुरशी व कीड लागते. लग्नापुरत्या लिहिलेल्या चौकाच्या बाबतीत हा दोष मानण्याचे कारण नव्हते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ते विधीपासून वेगळे करून स्वतंत्र चित्र म्हणून घडविले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक चित्रांखाली ‘कॅनव्हासवर शेण व ॲक्रिलिक’ अशी नोंद आढळते. विकले जाणारे, गुंडाळून परदेशी जाणारे चित्र टिकणे आवश्यक झाले होते.

ॲक्रिलिकचा उगम सर्वस्वी वेगळा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम यांनी १९०१ च्या प्रबंधात ॲक्रिलिक संयुगांचा अभ्यास केला. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५० च्या दशकात बाजारात आले. या रंगात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांत मिसळून लवचिक पापुद्रा बनतो व तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तैलरंगाला दिवसेंदिवस लागतात तेथे हा रंग बहुधा काही मिनिटांत वाळतो, आणि जवसाच्या तेलाप्रमाणे पिवळटही पडत नाही. मुंबईत वाढलेल्या तय्यब मेहता यांनी तैलरंग सोडून उत्तरायुष्यात हेच माध्यम स्वीकारले. त्यांचे १९९७ चे ‘महिषासुर’ २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पंधरा लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले.

वारली चित्रकाराला या रंगाचा खरा लाभ वेगळाच झाला. टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग ओला असतानाही अपारदर्शक असतो. त्यामुळे रेघ काढताक्षणी दिसते. मशे यांच्या चित्रांतील मासेमारीच्या जाळ्याची केसासारखी बारीक वीण पाहताना ही सोय किती मोलाची असेल हे ध्यानात येते. मात्र ॲक्रिलिक अविनाशी आहे, ही समजूत चुकीची होय. उष्ण हवेत त्याचा पृष्ठभाग मऊ पडतो, धूळ धरून ठेवतो आणि ती काढणे कठीण जाते. शिवाय खालचा शेणाचा थर ठिसूळ असला तर वरचा रंग कितीही चिवट असून उपयोग नाही.

या स्थित्यंतरात रंगाबरोबर हातही बदलले. चौक स्त्रियांचा होता. कागद व कॅनव्हास आल्यावर नाव झाले ते प्रामुख्याने पुरुषांचे. पीठ घरच्या तांदळाचे होते, ट्यूब मात्र विकत आणावी लागते. असे असूनही विधीचे बंधन पूर्णपणे सुटले नाही. बाजारासाठी ॲक्रिलिक वापरणाऱ्या घरातही लग्नाच्या चौकासाठी तांदूळच भिजत घातला जाऊ शकतो, कारण तेथे चित्राने टिकावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.