गार्डिनल: झोपेच्या गोळीनं पोरं चळवळी का होतात?

मराठवाड्यात तापात पोराला आकडी आली, की अजूनही काही घरांत आधी कांदा हुंगवतात आणि मग संभाजीनगरची घाटी गाठतात. कांद्यानं काही होत नाही. अशी साधी आकडी बहुतेकदा काही मिनिटांत आपली आपण थांबते, आईबापांची भीती मात्र थांबत नाही. त्या भीतीवर जगभरात कित्येक वर्षं एक उत्तर होतं, रोज फिनोबार्बिटल. आपल्याकडे या औषधाला ‘गार्डिनल’ म्हणून ओळखतात.

हे मुळात झोपेचं औषध. १९१२ साली जर्मनीतले तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ते फिट्सच्या रुग्णांना दिलं आणि फिट्सच कमी झाल्या! मेंदूतल्या पेशींना ‘गप्प बसा’ सांगणारं गाबा नावाचं रसायन असतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते.

मग मूल शांतच व्हायला हवं ना? मोठी माणसं पेंगतात, पण काही मुलं उलट चळवळी आणि चिडचिडी होतात, त्यांची झोप उडते. ईईजीवरही नुसती शांतता दिसत नाही. जलद बीटा लहरी वाढलेल्या दिसतात.

१९९० साली अमेरिकेत तापाच्या आकडीच्या २१७ लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना फिनोबार्बिटल, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. दोन वर्षांनी औषधाच्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला. आकड्या? त्यांत लक्षणीय फरक नव्हता. आज साध्या ताप-आकडीसाठी हे रोजचं औषध सुचवलं जात नाही.

म्हणजे गार्डिनल वाईट? थांबा. १९९८ साली पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांचा अभ्यास आला. या मुलांना खरी अपस्मार होती. फेनिटॉइनच्या तुलनेत फिनोबार्बिटलनं वागणुकीचे त्रास जास्त झाले नाहीत. जिथं महागडी औषधं पोहोचत नाहीत, तिथं ही स्वस्त गोळी मुलांना शाळेत बसू देते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक बग दुरुस्त केला, की बाकीच्या टेस्टही पुन्हा चालवतो. १९९० मध्ये फक्त आकड्या मोजल्या असत्या, तर ते ८.४ गुण कुणाला दिसलेच नसते.

म्हणून घरात असं मूल असेल, तर आकड्यांच्या तारखांसोबत झोप, चिडचिड, अभ्यास हेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनानं बंद करू नका. ती अचानक थांबवली तर फिट्स उसळून येतात.