जलालीचा भाऊ वसईला

आपण गालातली मराठी मंडळी महाशिवरात्रीला जुन्या मस्कतमधल्या मोतीश्वर मंदिरात जातो, तेव्हा अल आलम राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना खडकांवर उभे असलेले जलाली आणि मिरानी हे किल्ले दिसतातच. पण त्यांचा एक भाऊ आपल्या महाराष्ट्रात आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? तो म्हणजे वसईचा किल्ला!

पोर्तुगीजांनी १५०७ साली मस्कत घेतलं आणि १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली. तुर्कांनी १५५२ आणि १५८१ मध्ये मस्कत लुटल्यावर १५८० च्या दशकात त्यांनी हे दोन किल्ले भक्कम केले. इथे उंच खडक होते, म्हणून किल्ले आटोपशीर आणि तोफांचा रोख बंदरावर. वसईत जमीन सपाट. तिथे त्यांनी अख्ख्या शहराभोवतीच तट घातला. बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनाकृती, म्हणजे एका बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू आला की शेजारच्या बुरुजावरून त्याला टिपता यावं. आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे.

जानेवारी १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी मस्कत सोडवलं. पुढे १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी थेट वसईला उतरून तटाबाहेरची चर्चेस लुटली. पण किल्ला पडला तो मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सुरुंगांपुढे. अप्पांनी शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिलं. पोर्तुगीज निघून गेले आणि शहराची रयाच गेली.

माझ्या मते फरक इथेच पडला. जलाली सतत वापरात राहिला: आधी शिबंदी, मग १९७० च्या दशकापर्यंत तुरुंग, पुढे संग्रहालय. त्यामुळे त्याची डागडुजी होत राहिली. वसईत वस्ती उठली, लाकडी छपरं गेली, भिंतींत झाडं रुजली. वापरात राहिल्या त्या तिथल्या घंटा! मराठ्यांनी आणलेल्या या घंटा भीमाशंकरला आणि मेणवलीला आजही पाहायला मिळतात.

तेव्हा मंडळी, सुट्टीत मुंबईला गेलात की मुलांना घेऊन एक दिवस वसईला जाच. इथे जलाली, मिरानी बाहेरून पाहिलेली मुलं तिथले बुरूज बघून प्रश्न विचारतील. उत्तरं आपल्यापाशी असायला हवीत.