काळा झेंडू

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. पणजोबा-पणजीच्या लग्नानंतर काढलेला, १९३० च्या आसपासचा. पणजोबा खुर्चीत, पणजी शेजारी उभी, दोघांच्या गळ्यात हार. ते हार काळे आहेत. राखाडी नाहीत, चक्क काळे. लहानपणी मी आजीला विचारलं, हे कसले हार? ती म्हणाली, "झेंडूचे गं." आम्ही भावंडं हसत सुटलो. काळा झेंडू कुठे असतो?

आजी बरोबर होती हे मला गेल्या वर्षी कळलं, कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॉकडाऊनमध्ये कॅमेरा घेतला आणि व्हिडिओ बघून बघून शिकत राहिले. फुलांचे शेकडो फोटो काढले आणि सगळे एकाच पद्धतीने फसले. लाल जास्वंद म्हणजे लाल डाग, पांढरा मोगरा म्हणजे कागदाचा कपटा. पाकळी कुठे दिसायचीच नाही. शेवटी एका मैत्रिणीने रविवारच्या वर्कशॉपचा पत्ता दिला. सहाच जण घेतात म्हणाली.

सोफे भिंतीला सरकवलेले, खिडक्यांना काळी कापडं, टेबलावर एक सॉफ्टबॉक्स आणि मार्केट यार्डातून पहाटे आणलेली फुलं. आमच्यात एक दंतवैद्य होती, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन कॉलेजची मुलं आणि घरून केक विकणारी एक जण. शिकवणाऱ्या ताईंनी पहिला तासभर कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. एक नारिंगी झेंडू टेबलावर ठेवला, त्याचा एक फोटो स्वतः काढला आणि लॅपटॉपवर उघडला. मग लाल आणि हिरवा चॅनेल बंद केला. फक्त निळा ठेवला.

झेंडू काळा झाला.

"सुरुवातीच्या फोटोग्राफरांना फूल असं दिसायचं," ताई म्हणाल्या. मी तिथेच आईला फोन करून तो लग्नाचा फोटो व्हॉट्सॅपवर मागवला.

त्या संध्याकाळपासून मी हा इतिहास वाचते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. हा इतिहास कॅमेऱ्यांचा कमी आणि छोट्या खोल्यांचा जास्त आहे.

फोटोग्राफीची घोषणा झाली १८३९ साली. पण त्याच्या काही वर्षं आधीच इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने रसायन लावलेल्या कागदावर पानं आणि लेस ठेवून त्यांच्या सावल्या पकडल्या होत्या. वनस्पतीच का? कारण ती हलत नाही, तक्रार करत नाही आणि दारातच मिळते. त्या काळातल्या मंद रसायनासमोर माणसाने मिनिटं-मिनिटं बसणं अवघड होतं. पान बसायचं.

१८४२ मध्ये जॉन हर्शेलने लोहाच्या क्षारांवर चालणारी सायनोटाइप ही पद्धत शोधली. कागदावर वस्तू ठेवा, उन्हात धरा, पाण्यात धुवा. वस्तूची पांढरी छाया उरते आणि बाकीचा कागद गडद निळा होतो. इंजिनिअरिंगच्या भाषेतली ब्लूप्रिंट ती हीच. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईने याच पद्धतीने समुद्रशेवाळाच्या छाया घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. नंतर अ‍ॅन डिक्सन या मैत्रिणीसोबत तिने नेचे आणि फुलझाडंही केली. अ‍ॅटकिन्स हे कुठल्या कॉलेजात शिकली नाही. तिचे वडील शास्त्रज्ञ होते, हर्शेल आणि टॅल्बट त्यांच्या ओळखीचे. म्हणजे हे ज्ञान दिवाणखान्यातून, हाताहातांतून आलं.

फुलांची स्टुडिओ फोटोग्राफी म्हणावी अशी गोष्ट त्यानंतर दहाएक वर्षांनी फ्रान्समध्ये घडली. अ‍ॅडॉल्फ ब्राउन हा कापडावरची नक्षी काढणारा माणूस. त्याला फोटो नको होते, नमुने हवे होते, छापील कापड आणि भिंतीवरच्या कागदासाठी. म्हणून त्याने फुलांचे गुच्छ आणि माळा नीट मांडून त्यांचे सुमारे ३०० फोटो काढले. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते गाजले. आज आपण इन्स्टाग्रामवर जो 'फ्लॅट ले' करतो, त्याचा हा खापरपणजोबा.

आणि नेमक्या याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं?

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भारतातली पहिली. लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आतच. सभासद जमायचे, आपापले प्रिंट आणायचे, एकमेकांना दाखवायचे. यात इंग्रज अधिकारी होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला.

तेव्हा हे असं एकत्र बसूनच का शिकावं लागे? कारण त्या काळातली ओल्या कोलोडियनची पद्धत पुस्तकातून जमणारी नव्हती. काचेवर चिकट द्राव ओतायचा, काच तिरपी करून तो चारही कोपऱ्यांना समान पसरवायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. सगळं काही मिनिटांत. मुंबईच्या उन्हाळ्यात काच आणखी लवकर वाळणार. मनगट किती वळवायचं हे लिहून कसं सांगणार? ते बघावं लागतं. शेजारी उभं राहून.

पण मनगट कितीही तयार झालं तरी काच आंधळीच होती. कोलोडियनला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. पिवळा, नारिंगी, लाल हे तिच्या लेखी अंधार. निळं आकाश पांढरंफटक यायचं, पिवळं फूल काळं. आणि आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांचं काय? तेही होते त्यापेक्षा गडद यायचे. जुन्या फोटोंवरून 'आमचे पूर्वज फारच काळे होते' असं ज्या घरांत म्हटलं जातं, तिथे थोडा दोष रसायनाचाही असू शकतो.

यावरचा इलाज १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला सापडला. काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा, पिवळाही दिसू लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. पण लालसाठी त्या आंधळ्याच राहिल्या. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा लंडनमध्ये १९०६ मध्ये विक्रीला आल्या. तरी छोट्या स्टुडिओंत जुन्या प्लेटा पुढे कितीतरी वर्षं चालल्या. कारण साधं होतं. लाल दिसत नाही, म्हणून लाल दिव्याखाली डोळ्यांनी बघत त्या धुता येत. सिनेमात डार्करूम लाल दाखवतात ना, त्यामागे हा आंधळेपणा आहे. आमच्या पणजोबांच्या गळ्यातला झेंडूही त्याच आंधळेपणात काळा झाला.

फूल आणि फोटो यांच्या या गोष्टीत एक आपला माणूसही आहे. दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याच्या वाढीची छोटी फिल्म बनवली, 'अंकुराची वाढ'. भांडवल देणाऱ्याला पटवायला. आज याला आपण टाइमलॅप्स म्हणतो. फाळकेही घरी बसून एकटे शिकलेले नव्हते. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला स्वतःचा फोटो स्टुडिओ, असा त्यांचा रस्ता होता.

बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना वनस्पतींचे आकार समजावेत म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने ते कोंब, देठ, कळ्या कित्येक पटींनी मोठ्या करून टिपत. मागे कोरी पार्श्वभूमी, उजेड मऊ. तीस वर्षं हे फोटो म्हणजे वर्गात टांगायचे तक्ते होते. १९२८ मध्ये त्यातले १२० निवडून पुस्तक निघालं आणि साठी ओलांडलेला हा शिक्षक एकदम प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅमचं वेगळंच. ही बाई रसायनशास्त्र शिकलेली, सिअ‍ॅटलला स्वतःचा स्टुडिओ चालवलेली. मग लग्न झालं, कॅलिफोर्नियाला गेली, तीन लहान मुलगे झाले. घर सोडून जाणं शक्य नव्हतं म्हणून तिने बागेतली फुलं टिपायला घेतली. १९२५ चं तिचं मॅग्नोलियाचं फूल बघा. पांढऱ्यावर पांढरं, तरी प्रत्येक पाकळीची वळकटी दिसते. माझ्या मोगऱ्याला जे जमत नव्हतं ते हेच.

ते का जमत नव्हतं, हे वर्कशॉपमध्ये दुपारी कळलं. मी दिवा फुलाच्या समोर ठेवत होते. ताईंनी तो बाजूला आणि थोडा मागे सरकवला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला. बस. पाकळीवरच्या शिरा उठून आल्या. सपाट उजेडात आकार दिसत नाही, सावली असेल तर दिसतो. हे मी पन्नास व्हिडिओंत ऐकलं होतं. पण दिवा सरकताना फूल बदलतं ते डोळ्यांदेखत पाहणं वेगळं.

आणि मग मला मामाची आठवण आली. खरं तर ती सकाळपासूनच येत होती, मी टाळत होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मामाचा फोटो स्टुडिओ होता. सोळाव्या वर्षी तो सांगलीत एका स्टुडिओत लागला. पहिलं वर्ष झाडू आणि डिश धुणं. दुसऱ्या वर्षी लाल दिव्याखाली. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायला मिळालं चौथ्या वर्षी. पुढे स्वतःचा स्टुडिओ. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याने काढली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो म्हणाला होता, "सुट्टीत ये की महिनाभर. शिकवतो तुला." मी म्हटलं, "मामा, आता सगळं यूट्यूबवर असतं."

तो काहीच बोलला नाही. पुढच्या वर्षी स्टुडिओ बंद झाला. एन्लार्जर भंगारवाल्याने किलोवर नेला. आता त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या हाताखालच्या दोन पोरांनीही धंदा बदलला. मामाला जे येत होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं ते नव्हतंच.

वर्कशॉपनंतर दोन आठवड्यांनी मी गावी गेले. फोनवर माझा झेंडू दाखवला, काळ्या पार्श्वभूमीवरचा. मामाने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरला.

"मागचं कापड किती लांब होतं?"

"तीन फूट असेल."

"म्हणून राखाडी दिसतंय. सहा कर. कापडच बदलायला नको, काळं होतंय बघ आपोआप."

मी त्याला सांगू लागले की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. तो उठून आत गेला आणि एक मळकी दोरी घेऊन आला. तिला तीन गाठी. "दिव्याच्या स्टँडला बांधलेली असायची. गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत धरायची. या गाठीला एवढं अ‍ॅपर्चर, या गाठीला एवढं." भंगारवाल्याने नेली नव्हती. दोरीला कोण पैसे देणार?

मी मामीची टेप आणून मोजलं. ३६ इंच, ५१ इंच, ७२ इंच. प्रत्येक गाठीला उजेड बरोबर निम्मा. कॅमेऱ्यावरचे ४, ५.६, ८, ११ हे आकडेही याच पटीत वाढतात, दोनच्या वर्गमुळाच्या. मामा दहावी नापास आहे.

"ही कुणी बांधली, मामा?"

"मालकांनी दिली. त्यांच्या मालकांनी त्यांना दाखवलेली असणार. विचारलं नाही बघ कधी."

मधली गाठ बोटांत धरून तो जरा वेळ बसला. सूत विरलं होतं.

"ही आता सुटायला आली," तो म्हणाला. "उद्या बाजारातनं नवी दोरी आण. मी सांगतो, तू बांध."