जर्मनी: ब्लू कार्ड, कायमचा परवाना आणि पासपोर्ट

पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी असली की जर्मनीचे ब्लू कार्ड मिळते. आमच्यातले बहुतेक आयटीवाले त्यावरच आले. पेन्शनचे हप्ते भरत २७ महिने नोकरी झाली आणि जर्मन ए१ असले की कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बी१ असेल तर २१ महिन्यांतच. तेव्हा मंडळी, भाषेचा क्लास लांबणीवर टाकू नका. (आम्ही टाकला, आणि ते सहा महिने फुकट गेले!)

एक गोष्ट मात्र अनेकांना उशिरा कळते. ब्लू कार्डावर सलग बारा महिने देशाबाहेर राहिले तरी चालते, साध्या कायमच्या परवान्यावर सहाच. आईवडिलांच्या आजारपणात जास्त थांबावे लागेल असे वाटले तर सहा महिने संपण्याआधीच आउसलेंडरबेहोर्डेकडून मुदत लेखी वाढवून घ्या.

नागरिकत्वासाठी २७ जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षे पुरतात, आणि जर्मनी आता जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड काढावे लागते. त्यावर भारतात कितीही राहा, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते.