वळिवड्याच्या छावणीतील विद्यादान

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात सकाळी फिरावयास जाणाऱ्या अनेकांनी तेथील एक पाषाणस्तंभ पाहिला असेल. परंतु तो कोणाच्या स्मरणार्थ उभा आहे, हे सांगू शकणारे थोडेच. १९९८ मध्ये तो उभारला गेला तो दूरदेशीच्या पोलिश लोकांच्या पुढाकाराने. या मंडळींचे बालपण कोल्हापूरच्या पूर्वेस, रेल्वेमार्गालगतच्या वळिवडे येथील छावणीत गेले होते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहत असताना, आपल्याच मातीत घडलेल्या या विद्यादानाच्या पर्वाची नोंद व्हावी, एवढ्याच हेतूने हा अल्प लेखनप्रपंच.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ या दोन सत्तांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. पूर्वेकडील भागातील लक्षावधी लोकांना १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत मालगाड्यांत कोंडून सायबेरिया व कझाकस्तान येथे पाठविण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांत अनेकांचा अंत झाला. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केले आणि चित्र पालटले. जुलैमध्ये झालेल्या करारानुसार या बंदिवानांना मुक्तता मिळाली, आणि १९४२ मध्ये सैनिक व नागरिक मिळून लाखाहून अधिक पोल कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचले. त्यांतील स्त्रिया, मुले व वृद्धांना आश्रय कोणी द्यावयाचा, हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी आपले दार उघडले. त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसांची ही वसाहत भारतातील सर्वांत मोठी पोलिश छावणी होय. पुढे बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील अनेक मुलेही येथेच आली.

निर्वासितास प्रथम अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध लागते, हे उघडच आहे. वळिवड्यास या गोष्टींची व्यवस्था झालीच. पण त्याबरोबर बालवाडीपासून माध्यमिक वर्गांपर्यंतच्या शाळा सुरू झाल्या, हे या छावणीचे खरे वैशिष्ट्य. मुलांच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. वयाने मोठी मुले लहानांच्या वर्गात बसत. पुस्तकांचा तुटवडा असे. पोलिश निर्वासितांसाठी पुढे जेरुसलेम येथेही पाठ्यपुस्तके छापली गेली. शिकविणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्या स्वतःही हद्दपारीतून आलेल्या होत्या. कोणाचा पती युद्धात, कोणाचे मूल वाटेतच मातीआड झालेले. तरीही त्या फळ्यासमोर उभ्या राहत आणि पोलिश भाषा, इतिहास व भूगोल शिकवीत. ‘आज ना उद्या घरी परतावयाचे आहे,’ हा त्या सर्व अभ्यासक्रमाचा पाया होता.

छावणीत राहून शिकविणाऱ्या या शिक्षिकांच्या बरोबरीने बाहेरून येऊन मुलांना भेटणारी एक विदुषीही होती. तिचे नाव वांडा दिनोव्स्का. १८८८ मध्ये जन्मलेली ही पोलिश स्त्री थिऑसॉफीच्या ओढीने १९३५ मध्ये भारतात आली, गांधीजींच्या सहवासात आली आणि ‘उमादेवी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मॉरिस फ्रिडमन या सहकाऱ्यासह तिने १९४४ मध्ये ‘पोलिश-भारतीय ग्रंथमाला’ सुरू केली. हे फ्रिडमन म्हणजे औंध संस्थानच्या प्रसिद्ध ग्रामराज्याच्या प्रयोगात सहभागी झालेले अभियंते. उमादेवींनी छावणीतील तरुण मुलामुलींना भारताची ओळख करून देण्याचे काम हाती घेतले. ज्या भूमीत आपण आलो आहोत ती केवळ उन्हाची, सापांची आणि अनोळखी भाषेची भूमी नसून तिलाही विचारांची थोर परंपरा आहे, हे त्यांनी या मुलांना त्यांच्याच मायबोलीत सांगितले.

या दोन प्रकारच्या अध्यापनाचे महत्त्व १९४५ मध्ये ध्यानात आले. त्या वर्षी फेब्रुवारीत याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेकडे सरकविली. ल्वूव आणि विल्नो ही शहरे पोलंडच्या नकाशातून गेली. वळिवड्याची बहुसंख्य कुटुंबे त्याच पूर्वभागातील होती. जुलैमध्ये लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही ब्रिटन व अमेरिका यांनी काढून घेतली. ज्या गावी परतण्यासाठी भूगोलाचे धडे गिरविले, ते गाव आता दुसऱ्याच देशात होते. त्या दिवशी वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षिकेने भिंतीवरील नकाशाकडे पाहून मुलांना काय सांगितले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. थोडे मायदेशी गेले. पुष्कळसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे विखुरले. गाव उरले नव्हते. उरली होती ती भाषा, आणि अनोळखी देशालाही आपलेसे करता येते हा अनुभव. पहिली देणगी छावणीतील शिक्षिकांची. दुसरीत उमादेवींसारख्या पाहुण्या शिक्षिकेचाही वाटा होता.

परंतु वळिवड्याची कथा येथे संपत नाही. पोल गेले आणि त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. हेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी सर्वदूर प्रसिद्ध असलेले. एकाच जागेने पाच वर्षांच्या अंतराने दोन विस्थापित समाज पाहिले. पोलांना निदान परतीची आशा होती. सिंधी बांधवांना तीही नव्हती. त्यांच्या भाषेला भारतात स्वतःचा प्रांत उरला नव्हता, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. तरीही या समाजाने आपली भाषा घरात जपली, मराठी बाजारात आत्मसात केली आणि परक्या मुलखात स्वकष्टाने पाय रोवले. पोलांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा राहिला, हे योग्यच झाले; मात्र याच मातीतील दुसऱ्या विस्थापितांची आठवण आपण तितक्या आस्थेने ठेवली काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

उमादेवींचे कार्यही वळिवड्याबरोबर संपले नाही. १९५९ मध्ये तिबेटी निर्वासित भारतात आले, तेव्हा वयाची सत्तरी ओलांडलेल्या उमादेवी धर्मशाळेस त्यांच्या सेवेस गेल्या. १९७१ मध्ये म्हैसूर येथे त्यांचे देहावसान झाले. जन्मभूमी हरपलेल्यांच्या मुलांपुढे जाऊन बसणे, हे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

वॉर्सा येथे २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभारले गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. त्या स्मारकावर आपल्या शहराचे नाव आहे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. परंतु अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. भूकंप, महापूर, धरणे, दंगली यांनी उखडलेली माणसे आजही आपल्या आसपास आहेत. त्यांना शिधा आणि कपडे देणारे हात पुष्कळ पुढे येतात, आणि ते आवश्यकही आहे. मात्र आठवड्यातून एक तास त्यांच्या मुलांजवळ बसून शिकविणारा शिक्षक क्वचितच मिळतो. तंबू फाटतात, शिधा संपतो, नकाशेही बदलतात. मुलास शिकविलेले मात्र कोणतीही सीमा हिरावून घेऊ शकत नाही. महावीर उद्यानातील त्या स्तंभापुढून जाताना क्षणभर थांबावे आणि हे स्मरावे, एवढीच वाचकांस नम्र विनंती.