स्वस्त संगणक आणि भिवंडीचा माग



भिवंडीच्या गल्ल्यांतून जातांना आजहि यंत्रमागांचा खडखडाट कानीं पडतो. त्यांतील कित्येक माग मूळचे येथले नव्हत. मुंबईच्या गिरण्यांनीं जुने म्हणून मोडींत काढलेले माग येथील कारखानदारांनीं स्वस्तांत घेतले आणि त्यांवर संसार उभे केले. १९८२ च्या गिरणीसंपानंतर तर विणकामाचा मोठा ओघ इकडे वळला. गिरणीनें टाकलेला माग येथें वर्षानुवर्षें कसा टिकला? तो उघडतां येत होता म्हणून. धोटा झिजला, दुसरा घाला. पिकर फाटला, नवा बसवा. मिस्त्री हांकेच्या अंतरावर. स्वस्ताई खरेदीच्या पावतींत नसून दुरुस्तीच्या सोयींत असते, हें या गांवानें अनुभवानें जाणलें. बेताच्या पैशांत लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबासहि हीच कसोटी लागू पडते.

या यंत्राचा इतिहासहि तेंच सांगतो. उचलून नेतां येणारा संगणक बाजारांत गाजला तो १९८१ सालीं, ‘ऑस्बोर्न १’ या नांवानें. किंमत १७९५ डॉलर, वजन सुमारें ११ किलो. मांडीवर घ्यावा तर मांडीनेंच तक्रार करावी! पुढें २००५ सालीं निकोलस निग्रोपॉन्टे यांनीं मुलांसाठीं शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढें मांडली. २००७ सालीं यंत्र तयार झालें, तेव्हां किंमत दोनशें डॉलरांच्या घरांत गेली होती. त्याच वर्षीं आपल्या कर्जतनजीकच्या खैराट गांवीं, प्राथमिक शाळेंत, त्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या मुठींत जादा स्क्रू ठेवलेले असत, इतका दुरुस्तीचा विचार केलेला होता. परंतु रॅम अवघी २५६ एमबी, आणि तीहि डाख देऊन पक्की केलेली. यंत्र दुरुस्त होई, पण वाढत नसे.

त्याच सुमारास आसूस कंपनीचा सात इंची ‘ई पीसी’ निघाला. त्याच्या तळाचें झांकण काढून रॅम बदलतां येई. उलट २००८ च्या ‘मॅकबुक एअर’मध्यें सडपातळपणासाठीं रॅम कायमची जखडली गेली. ही चाल पुढें पुष्कळ स्वस्त यंत्रांतहि शिरली.

म्हणून दुकानांत चकाकीपेक्षां तीन गोष्टींची चौकशी करावी. रॅम बदलतां येते काय, किंवा तिच्यासाठीं मोकळी खांच आहे काय? साठवणीची एसएसडी सुटी आहे, कीं पटावर कायमची बसविलेली ईएमएमसी आहे? बॅटरी पुढेंहि मिळेल काय? लेखन, हिशेब व मुलांचा अभ्यास यांस आज ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. प्रोसेसर मात्र बहुधा मागाहून बदलतां येत नाहीं. तो प्रथमच पारखून घ्यावा.

घरांतील जुनें यंत्र मंद झालें म्हणून टाकूं नये. हार्डडिस्कमध्यें फिरत्या तबकडीवर माहिती शोधावी लागते. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. आधीं आपल्या कागदपत्रांची नक्कल काढून ठेवावी व मग डिस्क बदलावी. यंत्र पुन्हां चपळ होतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. ज्या यंत्रास विंडोज ११ चालत नाहीं, त्यांत लिनक्स घालून आणखी कांहीं वर्षें काढतां येतात.

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हे. २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां एकच यंत्र असलेल्या घरांत थोरल्याचा वर्ग बुडवावा कीं धाकटीचा, हा पेंच रोजचा झाला. कपाटांत धूळ खात पडलेला लॅपटॉप थोडक्या खर्चांत सुरू झाला असता, तर दोघांचीहि सोय झाली असती. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें. तो हक्क बजावणें मात्र ग्राहकाच्या हातीं आहे. आणि त्याचा आरंभ पैसे मोजण्यापूर्वीं, ‘हें उघडतें काय?’ या साध्या प्रश्नानें होतो.