धर्मस्वातंत्र्य आणि शासनाचा हस्तक्षेप (वऱ्हाड)

देवस्थानाच्या कारभारात धर्मनिरपेक्ष शासनाने कुठवर शिरावे, या प्रश्नाचा वऱ्हाडातील इतिहास राज्यघटनेहून जुना आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पुढाऱ्यांत होते. १३ नोव्हेंबर रोजी इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. देऊळ साऱ्या समाजाचे की पंचांच्या मर्जीतले, हा तिथला खरा झगडा होता.

घटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले आणि त्यातच सार्वजनिक हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा राज्याला ठेवली. मुंबई राज्याने १९५६ मध्ये तसा कायदा केला. हा हस्तक्षेप निःसंशय न्याय्य होता. दार बंद ठेवण्याच्या हक्काला धर्मस्वातंत्र्य म्हणता येत नाही.

पैशाच्या हिशेबाचे काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्त नेमले. रतिलाल गांधी खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने हिशेबतपासणी मान्य केली, पण धार्मिक न्यासावर आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद रद्द केली.

सर्वांत अवघड प्रकरण शिरपूरचे. हे गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीवर श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही जैन पंथांची श्रद्धा. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या, तरी भांडण मिटले नाही. मूर्तीला लेप द्यायचा तर त्यात कंदोरा, म्हणजे कमरेचा पट्टा, उमटू द्यायचा की नाही? श्वेतांबरांना तो हवा, दिगंबरांना तो नसलेलीच मूर्ती पूज्य. अकोल्याच्या न्यायालयातून निघालेला खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ च्या निकालाने व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहिले आणि दिगंबरांचा ठरल्या वेळी पूजा करण्याचा हक्कही शाबूत राहिला.

वाद पुन्हा चिघळून १९८१ मध्ये मंदिराला टाळे लागले. शांतता राखणे हे शासनाचे कामच आहे. पण चार दशके दार बंद राहावे, ही दोन्ही पंथांच्या भाविकांवर ओढवलेली मोठी आपत्ती होती. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने मंदिर उघडण्याचा आणि मूर्तीला लेप देऊ देण्याचा आदेश दिला, आणि मार्चमध्ये दार उघडले.